कुणी गं लाटणं मारलं?

श्रावण तोंडावर आला होता. आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाने त्या वर्षी, म्हणजे २०१८ साली, मंगळागौरीच्या खेळांच्या स्पर्धेत उतरायचे ठरवले होते. जुलैच्या अखेरीस गच्चीवर तालीम अगदी रंगात आली होती. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची. शाळेत मराठी शिकवते, प्रकृती ठणठणीत, हौस तर दांडगीच. मग मागे का राहायचे? झिम्मा झाला, पिंगा झाला आणि एका पायाची फुगडी सुरू झाली. उजवा पाय वर धरलेला, डाव्या पायाच्या चवड्यावर उड्या चाललेल्या. तिसऱ्या की चौथ्या उडीला डाव्या पायावर, टाचेच्या चार बोटे वर, मागून कोणीतरी फाडकन मारले. चांगला आवाजसुद्धा झाला. मी मटकन खाली बसले आणि मागे वळून ओरडले,

"कुणी गं लाटणं मारलं?"

मागे शेजारच्या वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या हातात लाटणे होते हे खरे. लाटण्याच्या खेळात त्यांची पाळी यायची होती. पण त्या चांगल्या दहा पावलांवर होत्या. बिचाऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, मी जागची हललेसुद्धा नाही!" त्या म्हणाल्या. माझा काही विश्वास बसला नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी पाय पाहिला आणि "मुरगळलाय" असा निकाल दिला. आंबेहळद उगाळून लेप झाला, वर पट्टी बांधली. पायाची बोटे हलत होती, पाऊलही थोडेफार खालीवर होत होते, आणि दुसऱ्या दिवशी तर दुखणेही बरेच उतरले. कोणी चांगल्या मालिशवाल्याचा पत्ता आणून दिला. मी त्याला बोलावणारही होते. पण तिसऱ्या दिवशी जिना चढू लागले आणि पहिल्याच पायरीवर थबकले. पाय दुखत नव्हता. त्यात जोरच नव्हता. जमीन मागे रेटावी आणि अंग वर उचलावे, हे जे काम आपण जन्मभर नकळत करतो, ते काम करणारे कोणी त्या पायात उरलेलेच नव्हते. तेव्हा मात्र मी घाबरले आणि डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर शिक्षक होतात

हे डॉक्टर माझे जुने विद्यार्थी. मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणाऱ्यांपैकी. त्या दिवशी मात्र शिकवायची पाळी त्यांची होती.

"बाई, पालथ्या झोपा आणि पावलं टेबलाबाहेर सोडा," ते म्हणाले. मग त्यांनी माझी उजवी पोटरी मुठीत धरून दाबली. त्याबरोबर उजव्या पावलाने, कोणी मान डोलवावी तसे, खाली झुकून दाखवले. नंतर त्यांनी डावी पोटरी दाबली. पाऊल ढिम्म! पुन्हा दाबली. पुन्हा तेच. जणू त्या पोटरीची आणि त्या पावलाची कधी ओळखच नव्हती.

"लाटणं कुणी मारलं नाही, बाई. तुमची टाचेची दोरी तुटलीय," डॉक्टर म्हणाले. "या दुखण्याचा पेशंट आला की बहुधा हेच सांगतो. बॅडमिंटनवाला म्हणतो, मागून रॅकेट लागली. क्रिकेटवाला म्हणतो, चेंडू लागला. लाटणं मात्र मी पहिल्यांदाच ऐकतोय!"

पोटरी दाबून पाहण्याची ही साधी परीक्षा १९५७ साली सिमंड्स या ब्रिटिश शल्यवैद्याने आणि १९६२ साली थॉम्पसन या अमेरिकन शल्यवैद्याने लिहून ठेवली. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. दोन हात पुरतात. मी मालिश करून घेत बसले असते, तर तुटलेली टोके दूरदूरच राहिली असती आणि पाय कदाचित कायमचा अधू झाला असता. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. फळ्याच्या अगदी वरच्या कडेला तारीख आणि सुविचार लिहिण्याची माझी सव्वीस वर्षांची सवय. आणि उंची बेताची असल्यामुळे ते चवड्यांवर उभे राहूनच लिहावे लागे. "मी पुन्हा चवड्यावर उभी राहीन ना रे?" मी एकदम एकेरीवर येऊन विचारले. "राहाल. पण आधी पोटरी म्हणजे काय ते समजून घ्या," असे म्हणून त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे चित्र काढायला सुरुवात केली.

पायाचे पोट

पोटरी या शब्दातच पोट आहे. ज्वारीचे कणीस पानाच्या आवरणात भरते तेव्हा शेतकरी म्हणतो, ज्वारी पोटरीत आली. भरलेले, फुगलेले ते पोटरीसारखे. आणि गंमत अशी, की डॉक्टर ज्या स्नायूला गॅस्ट्रोक्नेमियस म्हणतात, त्या ग्रीक नावाचा अर्थही 'पायाचे पोट' असाच आहे!

चवड्यांवर उभे राहिले की पोटरीवर जे दोन फुगवटे उठून दिसतात, ते या स्नायूचे. त्याची दोन डोकी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, म्हणजे गुडघ्याच्या वर, चिकटलेली असतात. त्यामुळे तो दोन सांध्यांवरून जातो, गुडघ्यावरून आणि घोट्यावरून. त्याच्या खाली लपलेला दुसरा स्नायू म्हणजे सोलियस. हा चपटा आणि रुंद. लॅटिनमध्ये सोलिया म्हणजे वहाण. आणि त्याच नावाचा एक चपटा मासाही आहे, आपल्या कोकणातल्या लेपासारखा. सोलियस गुडघ्याच्या खालीच, नडगीच्या आणि तिच्या शेजारच्या हाडापासून निघतो. त्याला गुडघ्याशी काही कर्तव्य नाही. तो फक्त घोट्याचा नोकर. हे दोन्ही स्नायू खाली एकत्र येतात आणि त्यांची जी जाड, चिवट दोरी बनते ती टाचेच्या हाडात जाऊन रुतते. पोटऱ्यांचा सगळा जोर पावलापर्यंत पोचवायचा तो प्रामुख्याने याच दोरीने.

शरीरातली ही सर्वांत जाड आणि सर्वांत बळकट कंडरा. तिची लांबी सुमारे पंधरा सेंटिमीटर. ग्रीक पुराणातल्या अकिलीसला त्याच्या आईने टाच धरून स्टिक्स नदीत बुडवले. त्याचे सारे अंग अभेद्य झाले, पण हातात धरलेली टाच कोरडी राहिली आणि पुढे तिथेच बाण लागून तो मेला. त्याचे नाव या दोरीला दिले ते फिलिप वेरहेयन या फ्लेमिश शरीरशास्त्रज्ञाने, १६९३ सालच्या आपल्या ग्रंथात.

दोन स्नायूंच्या स्वभावात मात्र जमीनअस्मानाचा फरक आहे. सोलियसमध्ये सावकाश आकसणारे, न थकणारे तंतूच फार. तो घरातल्या सासूबाईंसारखा. दिवसभर काम चालू, पण आवाज नाही. वरच्या स्नायूत चपळ तंतूंचा भरणा पुष्कळ, निम्म्याच्या आसपास. उडी मारायची, धावायचे, गाडी पकडायची, की हा पुढे सरसावतो.

वाचकांनी हा प्रयोग घरीच करून पाहावा. सरळ उभे राहून हात पोटरीवर ठेवा आणि अंग किंचित पुढे झुकवा. पोटरी लगेच घट्ट होईल. आता किंचित मागे कला. पोटरी सैल पडेल आणि पुढे नडगीजवळचा स्नायू ताठ होईल. उभ्या माणसाचा भार घोट्याच्या थोडा पुढे पडत असतो. आपण तोंडावर पडत नाही, याचे कारण मागे सोलियस लगाम धरून बसलेला असतो. रांगेत अर्धा तास 'नुसते उभे' राहिल्यावर पाय का दुखतात, ते यावरून कळेल. नुसते उभे राहणे असे काही नसतेच.

एका पावलाची कथा

आता चालायला लागू. पाऊल पडते ते टाचेवर. त्या क्षणी पोटरी जवळजवळ विश्रांतीत असते. नडगीपुढचा स्नायू पाऊल अलगद खाली टेकवतो. मग त्या टेकलेल्या पावलावरून सारे शरीर पुढे सरकू लागते, आणि पोटरीचे पहिले काम सुरू होते. ते काम ढकलण्याचे नाही, आवरण्याचे आहे. नडगी भलत्याच वेगाने पुढे कलू नये म्हणून पोटरी तिला मागून धरून ठेवते. उतारावर हातगाडीवाला गाडीला मागे ओढून धरतो तसे.

दुसरे काम येते ते टाच उचलताना. सारे ओझे चवड्यावर आलेले असते आणि पोटरी टाच वर ओढून शरीराला पुढे लोटते. पायाचे एक आवर्तन शंभर भागांचे मानले, तर साठाच्या सुमाराला तो पाय जमीन सोडतो. आणि त्याच्या थोडे आधी हा रेटा सर्वांत जोरदार असतो. सपाटीवर चालताना पायांचे सांधे शरीराला पुढे नेण्यासाठी जे काम करतात, त्यात घोट्याचा वाटा सर्वांत मोठा. आपण समजतो की आपण मांड्यांनी चालतो. पण खरा धक्का मिळतो तो पोटरीकडून.

हा भार केवढा, याचा ढोबळ हिशेब डॉक्टरांनी करून दाखवला. पाऊल ही एक तरफ. घोट्यापासून मागे दोरीचे अंतर पाच सेंटिमीटर धरा, आणि पुढे चवड्याचे अंतर साडेबारा. म्हणजे एका चवड्यावर उभ्या असलेल्या साठ किलोच्या माणसाच्या दोरीवर ताण येतो तो दीडशे किलोच्या आसपास. तांदळाची पन्नास पन्नास किलोंची तीन पोती! धावताना आणि उड्या मारताना तो याहून कितीतरी वाढतो. तासाभराच्या फेरफटक्यात माणूस सहा हजारांच्या घरात पावले टाकतो, म्हणजे प्रत्येक पोटरी हा उद्योग तीन हजार वेळा करते, आणि तरीही संध्याकाळी आपण म्हणतो, "आज काही व्यायाम झाला नाही."

एवढे काम करून ती दमत कशी नाही? याचे उत्तर फुकुनागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दिले. त्यांनी चालत्या माणसाच्या पोटरीत ध्वनिलहरींच्या यंत्राने डोकावून पाहिले. पाऊल जमिनीवर असताना वरच्या स्नायूतील तंतूंची लांबी फारशी बदलत नाही, असे त्यांना दिसले. ताणली जाते आणि पुन्हा आकसते ती दोरी. मुलांच्या बेचकीसारखेच हे. एक हात बेचकी घट्ट धरून ठेवतो, तो मुळीच हलत नाही. तो म्हणजे स्नायू. दुसरा हात रबर मागे खेचतो. ते काम आपले पुढे सरकणारे शरीरच करते. आणि मग रबर सुटते! अशा रीतीने आपले वजनच दोरीत साठवले जाते आणि पुढच्या क्षणी धक्का म्हणून परत मिळते. चिंपांझीची ही दोरी अगदी आखूड असते. आपल्याला लांब मिळाली आहे. दोन पायांवर कोसच्या कोस चालणारा प्राणी व्हायचे, तर असा काटकसरीचा संसार हवाच.

मग ती तुटते का? चाळिशी उलटली की दोरीची लवचिकता कमी होत जाते. टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरांचा जो भाग आहे, त्याला रक्ताचा पुरवठा बेताचाच. बहुतेक दोऱ्या तिथेच तुटतात. आणि माझ्यासारखी बाई वर्षभर फक्त उभी राहून एके दिवशी एकदम एका पायावर उड्या मारू लागली, तर तिने तरी काय करावे?

दुसरे हृदय

माझे पाऊल नर्तकीसारखे खाली वळवून प्लास्टरमध्ये घातले गेले. अशा वेळी शस्त्रक्रियाही करतात आणि नुसते प्लास्टर व मग खास बूट, असाही उपचार करतात. माझ्या बाबतीत दुसरा मार्ग ठरला. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावले, "पोटरी किंवा मांडी सुजली, दुखू लागली, धाप लागली, तर एक मिनिट न थांबता या. पोटरी स्तब्ध झाली की शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो."

पोटरीचा आणि रक्ताचा संबंध काय? फॅब्रिशियस या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १६०३ साली शिरांमधल्या झडपांवर पुस्तक लिहिले. त्या झडपा कशासाठी आहेत हे कळले ते त्याचा इंग्रज शिष्य विल्यम हार्वे याला, आणि १६२८ साली त्याने रक्ताभिसरणाचा सिद्धांत जगापुढे मांडला. रक्त हृदयाकडेच जावे, परत खाली येऊ नये, म्हणून त्या झडपा. पण पायातले रक्त वर चढवायचे कोणी? ते काम पोटरीचे. ती आकसली की तिच्या आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर जाते. सैल झाली की शिरा पुन्हा भरतात. स्तब्ध उभे राहिले तर घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या नव्वद मिलिमीटरांच्या आसपास असतो. चार पावले चालताच तो तिसाच्याही खाली उतरतो. म्हणून तर पोटरीला दुसरे हृदय म्हणतात.

मी घरात बसून होते आणि माझ्या शेजारी शहात्तर वर्षांच्या सासूबाई. त्यांचे पाय रोज संध्याकाळी सुजत. त्यांच्या डॉक्टरांनी हृदय आणि मूत्रपिंडे तपासून निर्वाळा दिलेला होता. फार वेळ पाय सोडून बसल्यामुळे होते, असे सांगितले होते. मला हे नवे ज्ञान झालेले. मास्तरीण ती मास्तरीणच! "आई, पावलं वर, पावलं खाली, वीस वेळा," मी हुकूम सोडला. मी चांगल्या पायाने करी, त्या दोन्ही पायांनी करत. दर तासाला आमची ही कवायत. पंधरवड्याने घोट्यांची हाडे दिसू लागली. सासूबाई म्हणाल्या, "तुला लाटणं लागलं, पण पाय माझे उतरले!"

आखूड पाऊल

प्लास्टर निघाले तेव्हा डावी पोटरी पाहून मला रडू आले. उजवीच्या शेजारी ती काठीसारखी दिसत होती. मग टाचेखाली पाचरी घातलेला बूट आला. दर काही दिवसांनी एकेक पाचर कमी. दिवाळी आली तेव्हा बूट नुकताच सुटला होता. मी स्टुलावर बसून चकलीच्या भाजणीवर हुकूम सोडत होते आणि आकाशकंदील यजमानांनी वाकडा लावला.

मी लंगडत असे, आणि त्यात एक चमत्कार माझ्या ध्यानात आला. दुखरा पाय डावा; पण आखूड पडे ते पाऊल उजवे! डॉक्टर खूश झाले. "शाबास, बाई! उजवं पाऊल लांब टाकायचं, तर तोवर डाव्या पोटरीनं सगळं अंग चवड्यावर पेललं पाहिजे. ती पेलत नाही, म्हणून उजवा पाय घाईघाईनं टेकतो." तेव्हापासून मी माणसे चालताना त्यांचे दुसरे पाऊल बघायला शिकले.

व्यायाम साधाच होता. ओट्याला धरून दोन्ही टाचा सावकाश उचलायच्या, त्याहून सावकाश खाली आणायच्या. गुडघा ताठ ठेवला की दोन्ही स्नायू काम करतात. वाकवला की वरचा सैल पडतो आणि सोलियसला राबावे लागते. दोन्ही प्रकार करायचे. कुकरची पहिली शिट्टी होईपर्यंत हा माझा नेम. नोव्हेंबरात शाळा सुरू झाली. मी फळ्याच्या मधूनच लिहायला सुरुवात करी. वरचा हातभर फळा रिकामा राही. मुले काही बोलत नसत, पण त्यांना दिसत असे. डावी टाच एकटी उचलू पाहावी, तर ती जमिनीला डिंक लावल्यासारखी. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. फेब्रुवारीत एक दिवस टाचेखालून कागद सरकेल एवढी फट पडली. मी ओट्याशी एकटीच होते. तरी मोठ्याने हसले.

मार्चमध्ये, परीक्षेच्या आधी, एका सकाळी मी वर्गात गेले, खडू उचलला, चवड्यांवर उभी राहिले आणि अगदी वरच्या कडेला तारीख लिहिली. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आज तारीख वर!" मी पाठमोरीच राहिले. डोळे पुसायला तेवढा वेळ हवा होता.

वाचकांना शेवटी चार गोष्टी सांगते. रात्री पोटरीत गोळा चढला, तर पायाची बोटे हळूहळू नडगीकडे ओढून धरा. पोटरी ताणली की गोळा सुटतो. ठरावीक अंतर चालले की पोटरी दुखते आणि उभे राहिले की थांबते, असे घरातल्या वडीलधाऱ्यांना होत असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका; पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याचे ते लक्षण असू शकते, आणि तंबाखू-विडी ओढणाऱ्यांत ते अधिक आढळते. एकच पोटरी अचानक सुजली, तर डॉक्टरांना दाखवा. आणि चाळिशीनंतर खेळायला उतरायचे असेल तर जरूर उतरा; पण महिनाभर आधी ओट्याशी टाचा उचलायला लागा.

पुढच्या श्रावणात, २०१९ साली, मी पुन्हा मंगळागौरीला उभी राहिले. एका पायाची फुगडी सोडून बाकी सारे खेळले. शेजारच्या वहिनी मात्र लाटणे घेऊन माझ्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटले, "वहिनी, तुमची जागा मागं ना?"

"नको बाई," त्या म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांसमोरच असलेली बरी. पुन्हा आळ नको!"